चांद्याची आई कुठली?

आटपाडी,
महाशिवरात्रीचा दुसरा दिवस

चि. मुक्ता हिस आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

परवा तुझा फोन ठेवला आणि रात्री बराच वेळ डोळा लागला नाही. वहिनीनं विचारलं, काय झालं, पोरगी बरी आहे ना? म्हटलं, बरी आहे, पण तिच्याशी सविस्तर बोलायचंय. फोनवर तू "हो गं आत्या" म्हणतेस आणि विषय तिथंच संपतो. म्हणून आज उपासाचं आवरलं आणि लिहायला बसले. पत्र लांबेल. दोन बैठकीत वाच, पण पूर्ण वाच.

चांद्याचा फोटो मी मोठा करून पाहिला. नाकापासून कपाळावर चढत गेलेला पांढरा पट्टा, एक डोळा काळाभोर, दुसरा गडद लाल. देखणा आहे, वादच नाही. आणि नाव ऐकून तर भरून आलं गं. आपल्या दावणीचा शेवटचा बैल चांद्याच होता. तो गेला त्या दिवशी तुझे आजोबा जेवले नव्हते. दादानं तुला हे सांगितलं असेल, म्हणूनच तू तिकडं ऑक्सफर्डात पाळलेल्या उंदराला हे नाव दिलंस, हो ना? पण मग तू सहज म्हणालीस, "आता चांद्या आणि कबरीची जोडी लावणार आहे, बघू किती चांद्या होतात," आणि माझ्या पोटात गोळा आला. बाळा, ही जोडी लावू नकोस. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी दोघांचे पिंजरे वेगळे ठेव.

तुला वाटेल, आत्याला उंदरांचं काय कळतं. तू लहान होतीस, तुला माझं काम नीट ठाऊकच नव्हतं. मुंबईतल्या एका प्रयोगशाळेच्या अ‍ॅनिमल हाउसमध्ये माझी 28 वर्षं गेली. पिंजरे, भुसा, पाण्याच्या बाटल्या, पिल्लांच्या नोंदी. गावी आले की माझी आजी मला आधी आंघोळीला पाठवायची आणि मगच चुलीजवळ येऊ द्यायची. तिच्या आईनं प्लेगचे दिवस पाहिले होते. घरात उंदीर पडले की भांडीकुंडी घेऊन रानात खोपटात राहायला जायचं, हे आजीनं लहानपणापासून ऐकलेलं. त्यामुळे उंदीर हातात घेऊन त्याला दूध पाजणारी नात तिला कधी समजलीच नाही. तिच्यावर मी रागावले नाही. तिची भीती खरी होती, आणि माझ्या हातात येणाऱ्या जिवांवरची माझी मायाही खरी होती.

आता एक कर. तुझ्या मादीला, कबरीला, मांडीवर घे आणि तिच्या डोक्यावरच्या काळ्या टोपीवर हलकेच फुंकर मार. केस मुळापासून टोकापर्यंत एकाच रंगाचे दिसतील. मग तुझ्या मैत्रिणीकडं तो तपकिरी, रानउंदरासारखा आहे म्हणालीस ना, त्याच्या पाठीवर तशीच फुंकर मार. केस फाकले की दिसेल, मुळाशी करडा, वर पिवळट पट्टा, टोकाला पुन्हा काळा. एकेका केसावर तीन थर. रानातल्या उंदराचा मूळ रंग तोच, त्याला अगूटी म्हणतात. काळा उंदीर म्हणजे केसावरचा तो पिवळा पट्टा घालण्याचा हुकूम हरवलेला उंदीर. प्रत्येक पिल्लाला त्या हुकुमाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. एक जरी शाबूत असली तरी पिल्लू तपकिरी होतं. दोन्ही हरवल्या तरच काळं. शाळेत प्रभावी-अप्रभावी शिकलीस, ते हेच. तेव्हा वाटाण्याच्या शेंगांवर शिकलीस म्हणून कंटाळा आला असेल.

रंगांची ही हौस काही आजची नाही. 1775 मध्ये जपानात ओसाकाला रंगीत उंदीर कसे पाळावेत आणि कसे वाढवावेत यावर चित्रांसकट पुस्तक निघालं होतं. इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीचा उंदीर पकडणारा जॅक ब्लॅक नावाचा माणूस होता. गटारातून धरलेल्यांपैकी कुणी पांढरा, कुणी वेगळ्या रंगाचा निघाला की तो मारत नसे, बाजूला ठेवून त्यांची पैदास करी आणि पाळायला म्हणून विकी. हेन्री मेह्यूनं लंडनच्या गरिबांवर 1851 मध्ये जे लिहिलं त्यात त्याची हकिकत आहे. आणि तू राहतेस तिथून फार लांब नाही ते अ‍ॅल्सबरी, तिथं 1901 च्या प्रदर्शनात मेरी डग्लस या बाईंनी आपला काळापांढरा टोपीवाला उंदीर नेला आणि त्याला पहिलं बक्षीस मिळालं. उंदीर पाळणाऱ्यांची रीतसर हौस तिकडं तिथून सुरू झाली असं मानतात. कधी त्या बाजूला गेलीस तर माझी आठवण काढ.

टोपीवाला म्हणजे तुझ्या कबरीसारखा: डोकं-मान काळी, पाठीवर कण्याच्या रेषेनं एक काळा पट्टा, बाकी अंग पांढरं. आमच्याकडं अशा उंदरांची एक लहानशी वसाहत होती, आणि बाकी सगळे पांढरेशुभ्र, गुलाबी डोळ्यांचे. एकदा पिंजरे धुताना नव्या मुलाच्या हातून घोळ झाला आणि टोपीवाला नर रात्रभर पांढऱ्या मादीबरोबर राहिला. बावीस दिवसांनी ती व्याली. अकरा पिल्लं. मी टॉर्च लावून पाहिलं, तर प्रत्येकाच्या मिटलेल्या पापणीखाली डोळ्याच्या जागी काळा ठिपका. पांढऱ्यांच्या पिल्लांत तो कधी नसतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्या गुलाबी कातडीखाली सावली उमटू लागली, केस यायच्या आधीच. डोक्यावर, मानेवर, कण्यावर. अकराच्या अकरा टोपीवाली! आमचे मुकादम काका म्हणाले, "आईनं टोपी कुठनं आणली?" कुणाला नीट सांगता येईना.

त्याचं उत्तर पुढं 2012 मध्ये जपानी संशोधकांनी दिलं. त्यांनी पांढऱ्या प्रयोगशाळी उंदरांच्या 117 जाती तपासल्या. सगळ्यांत पांढरेपणाचा बिघाड एकच निघाला, आणि सगळ्यांच्या जनुकात टोपीचा बिघाडही निघाला. म्हणजे जगभरच्या प्रयोगशाळांतले हे पांढरे उंदीर एकाच टोपीवाल्या पूर्वजाकडून आलेले. पांढऱ्या चादरीखाली प्रत्येकाच्या अंगावर टोपी आहे, फक्त दिसत नाही. मुक्ते, हे मी तुला नवल म्हणून नाही सांगत. जे दिसतं त्याच्याखाली जनावर काय काय घेऊन चाललेलं असतं, ते मी त्या अकरा पिल्लांत डोळ्यांनी पाहिलं. टोपी लपलेली होती म्हणून बरं. दुसरंही काही लपलेलं असू शकतं.

तर आता चांद्या. गर्भात पिल्लू वाढत असताना त्याच्या कण्याच्या रेषेवर काही पेशी तयार होतात आणि तिथून अंगभर चालत निघतात, वारीच्या दिंड्या निघाव्यात तशा. काही कातडीत पोचून केसांत रंग भरतात. काही कानाच्या आतल्या भागात जातात. आणि काही आतड्याच्या भिंतीत उतरून तिथल्या मज्जापेशी होतात, ज्यांच्यामुळे आतडं आकुंचन-प्रसरण पावून अन्न पुढं ढकलतं. ह्या पेशी निघताना कमी पडल्या किंवा वाटेत अडखळल्या, तर सगळ्यात लांबची ठिकाणं रिकामी राहतात. कातडीत लांबची ठिकाणं कोणती? कपाळ, पोट, पंजे, शेपटीचं टोक. ती पांढरी राहतात. आणि आतड्यात सगळ्यात लांबचं ठिकाण म्हणजे शेवटचा भाग. तो रिकामा राहिला तर तिथं अन्न पुढं सरकतच नाही. मागं तुंबत जातं, आतडं फुगत जातं. मेगाकोलन म्हणतात त्याला. माणसाच्या बाळातही हा आजार असतो, हिर्शस्प्रंग नावाचा.

कपाळावरचा पट्टा आणि दोन डोळ्यांचे दोन रंग, हे दोन्ही ज्या घराण्यात चालत येतं त्याच घराण्यात हा आजारही येऊ शकतो. प्रत्येक पट्टेवाला आजारी असतो असं मुळीच नाही. चांद्या आठ महिन्यांचा आहे, खातोपितो, त्याला काही नाही, त्याची काळजी करू नकोस. माझी काळजी त्याच्या पोटच्या पोरांची आहे. प्रयोगशाळांत असा एक प्रकार ठाऊक आहे, ज्यात एका जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या की पिल्लू जवळजवळ सगळं पांढरं होतं, डोक्यावर थोडासा डाग राहतो, आणि महिन्याभरात आतडं तुंबून जातं. एकच प्रत बिघडलेले आईबाप मात्र धडधाकट असतात.

असं पिल्लू मी एकदा हातात घेतलंय. निवृत्तीला दोन वर्षं होती. आमच्या विभागातल्या एका बाईंचा मुलगा, बारावीला असेल, त्यानं मुंबईतल्या कुठल्याशा दुकानातून पट्टेवाली जोडी आणली होती. भाऊ-बहीण असतील, विकणाऱ्यानं काही सांगितलं नव्हतं आणि ह्यानं विचारलं नव्हतं. पिल्लं झाली तेव्हा त्यानं सगळ्यांना पेढे वाटले, खरंच वाटले. तीन आठवडे सगळी ठणठणीत. दुधावर होती तोवर काही कळलंच नाही. दाणा खायला लागली आणि चार दिवसांत तो रडत बुटाच्या खोक्यात चार पिल्लं घेऊन माझ्याकडं आला. मी एक तळहातावर घेतलं. पाठीची हाडं बोटांना लागत होती आणि पोट डफासारखं ताणलेलं. कातडी इतकी ताणली होती की खालच्या निळ्या शिरा दिसत होत्या. ते माझा अंगठा चाटत होतं. जनावरांच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि त्यांना शांतपणे झोपवलं, तेवढंच करण्यासारखं होतं. मुलगा मला म्हणाला, "मावशी, ह्याच्या कपाळावर सगळ्यात सुंदर पट्टा होता." ते पिल्लू आणि ते वाक्य, दोन्ही माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तुझा फोन आला तेव्हा तेच आठवलं.

आणि तुला हवा तसा चांद हुकमी मिळतही नाही गं. अमेरिकेत हार्वर्डमध्ये विल्यम कॅसल नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी टोपीवाल्या उंदरांच्या दोन फळ्या केल्या. एकीत दर पिढीला सगळ्यात मोठी टोपी असलेले निवडत गेले, दुसरीत सगळ्यात लहान. पिढ्यामागून पिढ्या, हजारो उंदीर. एक फळी जवळजवळ सगळी काळी झाली, दुसरी जवळजवळ पांढरी. आधी त्यांना वाटलं की टोपीचं जनुकच बदलतंय. 1919 मध्ये त्यांनी कबूल केलं की तसं नाही, आजूबाजूची पुष्कळ लहान लहान जनुकं मिळून टोपी किती पसरेल ते ठरवतात. म्हणजे चांद्याचा पट्टा हा असा अनेक हातांनी काढलेला आहे. त्याच्या पोरांत कुणाच्या कपाळावर ठिपका येईल, कुणाचं अख्खं तोंड पांढरं होईल, कुणाला काहीच नाही. ह्या सोडतीसाठी कबरीला बारा पिल्लांचं ओझं द्यायचं का?

इथं तुझ्या आजोबांची एक गोष्ट सांगते. मी आठ-नऊ वर्षांची असेन. खरसुंडीच्या यात्रेत मला खांद्यावर बसवून ते बैल बघायला घेऊन गेले. खिल्लारांचा बाजार तो, शिंगं रंगवलेली, गोंडे, घुंगुरमाळा. एक व्यापारी काजळी खिल्लार घेऊन उभा. डोळ्यांभोवती जणू काजळ घातलेलं, अंग पांढरंशुभ्र. भोवती ही गर्दी. मी म्हटलं, आप्पा, हाच घ्या. आप्पांनी आधी त्याला चालवायला लावलं, मग बसायला-उठायला लावलं. खूर उचलून पाहिले, दात पाहिले, आणि मग विचारलं, "ह्याची गाय कुठंय? कुणाच्या दावणीची?" व्यापारी म्हणाला, "गाईचं काय घेऊन बसलात पाटील, रंग बघा की!" आप्पांनी कासरा त्याच्या हातात परत दिला आणि मला घेऊन पुढं निघाले. मी रडून गोंधळ घातला. शेवटी घेतला तो साधा, कपाळावर चांद असलेला, पण त्याची गाय आम्ही शेजारच्या गावात जाऊन पाहून आलो. तो सोळा वर्षं राबला. तोच आपला चांद्या.

तुझ्या चांद्याची आई कुठली, मुक्ता? कुणाच्या पिंजऱ्यातली? किती दिवस जगली, कशानं गेली? त्याची भावंडं किती, त्यातली किती महिन्याभरात गेली? तू म्हणालीस, दुकानातून आणला, काही माहीत नाही. मग झालं. ज्याची आई माहीत नाही त्याची पिल्लं काढायची नाहीत. त्याला लाडानं वाढव. तो मला दोन डोळ्यांएवढा प्यारा आहे.

बाकीच्या रंगांबद्दलही थोडं लिहून ठेवते, पुढंमागं कामी येईल. पर्ल म्हणून मोतिया रंग असतो, फार मऊ दिसतो. त्याच्या दोन्ही प्रती मिळालेलं पिल्लू पोटातच संपतं, म्हणून दोन मोतिया उंदरांची जोडी कुणी शहाणा माणूस लावत नाही. तोटा दिसतही नाही, पिल्लं फक्त चार-दोन कमी होतात. कुरळ्या केसांचा रेक्स एका प्रतीनं छान कुरळा, मिशासुद्धा वळलेल्या. दोन प्रती झाल्या की केस झडून टक्कल पडत राहतं. फिक्या पिवळसर रंगाचे, गडद लाल डोळ्यांचे उंदीर असतात. प्रयोगशाळेत फॉन-हूडेड म्हणून त्यांची एक जात आहे, तिच्यात रंगाच्या जनुकातला बिघाडच रक्त गोठवणाऱ्या पेशींनाही भोवतो, जखम झाली तर रक्त लवकर थांबत नाही. बाळंतपणात अशा मादीचं काय होईल याचा विचार कर. पूर्ण गुलाबी डोळ्यांच्यांना दिसतं कमी. ते डोकं डावी-उजवीकडं हलवत बसतात, लोकांना वाटतं डोलतात. ते अंतराचा अंदाज घेत असतात बिचारे. त्यांचा पिंजरा उजेडाच्या खिडकीत कधीही ठेवू नये, तेज प्रकाशानं त्यांच्या डोळ्याचा पडदा कायमचा खराब होतो. बिनशेपटीचे तर पाळायलाच नकोत. उंदराला शेपूट तोल सांभाळायला आणि अंगातली उष्णता बाहेर टाकायला लागते.

सगळंच वाईट आहे असं समजू नकोस हं. सयामी उंदीर मला फार आवडायचे. जन्मतात फिके, आणि मोठे होताना नाक, कान, पंजे, शेपूट गडद होत जातात. त्यांचं रंग तयार करणारं विकर थंड जागीच नीट काम करतं, आणि अंगाची थंड टोकं तीच. इकडं आटपाडीच्या उन्हात तो उंदीर फिका दिसला असता, तुझ्या त्या गारठ्यात जास्त गडद दिसेल. दोन सयामींची पिल्लं सगळी सयामी होतात, लपवाछपवी नाही. ज्यांचे मोठे गोल कान खालच्या बाजूला असतात ते डंबो, त्यांनाही त्रास नाही. तुला कधी खरंच पिल्लं काढावीशी वाटली, तर असं काही निवड.

पण तेही आधी शिकून घेऊन. तिकडं 1976 पासून नॅशनल फॅन्सी रॅट सोसायटी आहे. त्यांच्या प्रदर्शनाला एकदा नुसती बघायला जा. बक्षीस कुणाला मिळालं ते पाहू नकोस. ज्यांच्या पिंजऱ्यात दोन-अडीच वर्षांचे म्हातारे उंदीर अजून तुरुतुरु चालतात, त्यांच्याजवळ जाऊन बस आणि विचार. चांगला पाळणारा तुला आधी त्याच्या मेलेल्या उंदरांची वही दाखवेल. कोण कधी गेला, श्वासानं गेला की गाठीनं. उंदराला छातीचे आजार फार आणि माद्यांना स्तनाच्या गाठी फार, हे दोन्ही वय झाल्यावर कळतं. रंग तीन आठवड्यांत दिसतो, तब्येत दिसायला दोन वर्षं लागतात. म्हणून मी तुला थांब म्हणते. ज्या नराचा बाप अजून धडधाकट जगतोय त्याची पिल्लं घ्यावीत.

तूही वही घाल. आमच्याकडं प्रत्येक पिंजऱ्याला कार्ड असायचं, मीच भरायची. दर रविवारी वजन, अंगावर गाठ लागते का, श्वासाला घरघर येते का. कानाशी धरून ऐक, निरोगी उंदराच्या छातीत काही ऐकू येत नाही. डोळ्याभोवती लाल दिसलं तर घाबरू नकोस, ते बहुतेक रक्त नसतं, अश्रूंतलाच लाल रंग असतो. पण रोज दिसू लागलं तर त्याला काहीतरी त्रास आहे असं समज आणि डॉक्टरांकडं ने.

आणि कबरीची शपथ घालून सांगते, पिंजरे आजच वेगळे कर. मादी दर चार-पाच दिवसांनी माजावर येते, एक रात्र पुरते. बावीस दिवसांत दहा-बारा पिल्लं. नर तिथंच राहिला तर ती व्याल्यानंतर दिवसाच्या आत पुन्हा गाभण राहते. ती पिल्लंही पाच आठवड्यांची झाली की आपापसांत लागायला तयार, म्हणून नर-माद्या तेव्हाच वेगळ्या कराव्या लागतात. तुझी ती एक खोली, घरमालकीण मांजरवाली. बारा जीव कुणाला देशील? दुकानात देऊ नकोस. पण एकेकटं ठेवू नकोस हं कुणालाच, उंदीर एकटा झुरतो. चांद्याला डॉक्टरांकडून खच्ची करून घेता येतं. मग काही आठवडे थांबून, डॉक्टर सांगतील तेव्हा, तो कबरीबरोबर एकाच पिंजऱ्यात राहील. किंवा त्याला एक नर सोबती आण, कबरीला एक मादी. खर्चाला पैसे कमी पडले तर मला सांग, दादाला नको. माझी पेन्शन कशासाठी आहे?

इकडं सगळं बरं आहे. डाळिंबाचा आंबे बहार धरलाय, कळी चांगली लागलीय, तेल्या रोग आला नाही अजून, देवाची कृपा. वहिनीचा गुडघा थंडीत दुखतो, पण ऐकत नाही, खाली बसूनच भाकरी करते. तुझ्या खोलीत मी आता माझी जुनी कार्डं काढून ठेवलीत, पिवळी पडलीत. त्या अकरा टोपीवाल्यांचं कार्डसुद्धा सापडलं. आईच्या रकान्यात मी तेव्हा लिहिलं होतं, "पांढरी, नोंद नाही". कार्ड हातात घेऊन बराच वेळ बसले होते.

पुढच्या फोनला मला एवढंच सांग की पिंजरे वेगळे केलेस. बाकी मग बोलू. चांद्याच्या कपाळावरून माझ्या वतीनं हात फिरव, पट्ट्यावरून वर, कानांच्या मागं, तिथं त्यांना आवडतं.

तुझी,
आत्या

ता. क. पार्सलात शेंगदाण्याची चटणी आणि खारे दाणे पाठवतेय. दोन्ही तुझ्यासाठी. कबरीला दाणा द्यायचाच तर बिनमिठाचा, भाजलेला, आठवड्यातून एक.